सातवी वही आणि बाहेरचं बाक

तीर्थस्वरूप आक्कास,

शेपटाचा वाकून नमस्कार. आम्ही दोघं इथे बरे आहोत, म्हणजे ही बरी आहे आणि मी का बरा नाही ते पुढे येईलच. तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस का? जिना उतरताना कठड्याला धरतेस का? (हे मी दर पत्रात विचारतो आणि तू दर पत्रात, चाळीस वर्षं बाळंतपणं केलेल्या डॉक्टरीणबाईला शिकवू नकोस, असं कळवतेस. तरी विचारतो.) हाताने लिहिलेलं पत्र पाहून तुझ्या मनात पाल चुकचुकली असेल. फोन का केला नाही, तर फोनवर तू मध्येच बोलतेस आणि माझं ततपप होतं. पत्रात माणसाला शेवटपर्यंत बोलता येतं. तेव्हा चष्मा लाव, नीट टेकून बस आणि शेवटच्या पानावर आधी उडी मारू नकोस.

तर तुझं पुस्तक. तू अकरा वह्यांत लिहिलेल्या आठवणी घरच्या कॉम्प्युटरवर टाइप करून तुझ्या पंचाहत्तरीच्या आत छापखान्यात द्यायच्या, असं मी छातीठोकपणे कबूल केलं होतं. तू दोन अटी घातल्या होत्यास. टाइप करून, तपासून झाली की वही रद्दीत टाकायची, कारण तुझं अक्षर कुणाच्या दृष्टीस पडता कामा नये. (अक्षराबद्दल मी काही बोलत नाही. तुझ्या चिठ्ठ्या वाचून औषधं देणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे.) आणि दुसरी अट अशी की सातवी वही जपून करायची. आई इस्पितळात होती त्या वर्षाची ती वही. तू चौदाची होतीस, मी पाचाचा. ती लिहायला तुला दोन वर्षं लागली आणि पुन्हा लिहिण्याचं बळ आपल्यात नाही, हे तू मला दोनदा बजावलं होतंस. दोन्ही अटी मी पाळल्या. अडचण तिथूनच सुरू होते.

चौथ्या वहीपासून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक पिवळा फुगा यायला लागला. व्हर्च्युअल मेमरी कमी पडते आहे, असं त्यात इंग्रजीत लिहिलेलं असायचं. फुगा आला की मशीन मंदावायचं. मी अक्षर दाबावं, स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन यावं, तेव्हा कुठे ते उमटलेलं असावं. आता मी तीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळलेला माणूस. जागा कमी पडते म्हटलं की आम्हाला एकच उपाय ठाऊक, छाटणी. मी मशीनमधल्या सगळ्या फायलींची कागदावर यादी केली आणि लाल पेन्सिल घेऊन बसलो. जावयाने भरून ठेवलेले खेळ गेले. हिने तीन वर्षं जमवलेले विणकामाचे नमुनेही गेले. (त्यांवर 'नमुना एक', 'नमुना दोन' एवढंच लिहिलेलं होतं. विषयच स्पष्ट नव्हता. ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.) फुगा मात्र येतच राहिला.

मग या खिडकीतून त्या खिडकीत शिरता शिरता मला खरा गुन्हेगार सापडला. 'पेजिंग फाइल' नावाची एक फाइल, आकाराने अवाढव्य, आणि तिच्यावर विषय नाही, संदर्भ नाही, कुणी कधी मागवल्याची नोंद नाही. असली बेवारस फाइल माझ्या नजरेतून कधी सुटलेली नाही. त्याच खिडकीत 'पेजिंग फाइल नको' अशा अर्थाचा पर्याय होता. मी तो निवडला. मशीनने काहीतरी तंबी दिली, ती मी वाचली नाही. बंद करून पुन्हा चालू केलं, तर फुगा गायब. मी हिला हाक मारून तो रिकामा कोपरा दाखवला. हिने कोपरा पाहिला आणि विणकामाचं काय झालं ते विचारलं.

त्याच दिवशी सातवी वही टाइप करायला घेतली. आता जे सांगतो त्याने तुला राग येईल, पण माझी नोकरी डोळ्यांपुढे ठेवून वाच. आमच्याकडे अर्धवट टिपणावर सही करत नसत. टिपण पूर्ण व्हायचं, तपासलं जायचं, मग खाली सही. कॉम्प्युटरवर 'सेव्ह' दाबणं म्हणजे सही करणं, असं मी पहिल्या दिवसापासून धरून चाललो होतो, आणि आधीच्या सहा वह्या मी तशाच केल्या होत्या. मशीन दर दहा मिनिटांनी आपण होऊन सेव्ह करायचं, तेसुद्धा मी बंद करून टाकलं होतं, कारण माझ्या नावावर परस्पर सह्या झालेल्या मला खपत नाहीत. एकेक वही चार-पाच दिवसांत उरकायची. सातवीला सतरा दिवस लागले. सतरा दिवस मशीन चालू होतं, मी त्याला झाकणही घालू दिलं नाही. (एवढे दिवस लागले कारण मधूनमधून थांबावं लागत होतं. चष्मा पुसायला.) सतराव्या दिवशी सकाळी हिने वही मोठ्याने वाचली आणि मी पडद्यावर ताडून पाहिलं. वाचता वाचता ही दोनदा उठून आत गेली. एक काना, एक वेलांटी चुकलेली नव्हती. तेवढ्यात रद्दीवाला दारात आला, आणि तुझी आज्ञा प्रमाण मानून मी सातवी वही रद्दीच्या ढिगावर ठेवली.

राहिली होती फक्त सही. पण सहीआधी संबंधित फायली टेबलावर हव्यात, म्हणून तारखा ताडून पाहायला मी पहिल्या सहाही वह्या फोटोंसकट उघडल्या, आणि मशीन थिजलं. बाण हलेना, कळ दबेना. पडद्यावर सातव्या वहीचं पहिलं पान तेवढं दिसत होतं. मी तासभर त्याच्याकडे पाहत बसलो, मग न जाणो म्हणून ते पान कागदावर उतरवून घेतलं. शेवटची ओळ लिहिली आणि पडदा काळा झाला. 

कोपऱ्यावरच्या दुकानातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. पाठीला पट्टा बांधलेला, फार न बोलणारा गृहस्थ. त्याने दोन-तीन खिडक्या उघडल्या आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

"काका, तुमच्या मशीनचं टेबल लहान आहे. टेबलावर मावत नाही ते मशीन बाहेर बाकावर ठेवतं आणि लागेल तसं आत आणतं. फुगा म्हणत होता, बाक लांब करा. तुम्ही बाकच काढून टाकलंत."

आक्का, मला एकदम आमच्या रेकॉर्ड रूमबाहेरचं बाक आठवलं. आतल्या टेबलावर न मावणारे गठ्ठे मी तीस वर्षं त्याच बाकावर रचत होतो. ते कुणी हलवलं असतं तर मी वरपर्यंत लेखी तक्रार केली असती. दुरुस्तीवाल्याने चार मिनिटांत काम केलं. मशीनची स्वतःची मेमरी पाचशे बारा एमबी, तर बाक निदान दीडपट हवं म्हणून सातशे अडुसष्टचा आकडा घातला, जास्तीत जास्तच्या रकान्यात त्याची दुप्पट. बंद करून चालू केलं आणि झालं. आता सगळं एकदम उघडलं तरी मशीन हूं की चूं करत नाही. सातवी वही परत मिळेल का, असं मी विचारलं. सेव्ह केली होती का, असं त्याने विचारलं. मी त्याला सहीचा नियम समजावून सांगितला. त्याने पाठीचा पट्टा सैल केला आणि तो खुर्चीत बसला.

रद्दीच्या दुकानात जाऊन मी अर्धा दिवस ढिगारे उपसले. कुणाच्या तरी गणिताच्या वह्या मिळाल्या. तुझी मिळाली नाही.

आक्का, सातवी वही गेली. हे एक वाक्य लिहायला मला एवढी पानं लागली. तुझी क्षमा मागायलाही तोंड नाही.

गेले दहा दिवस मी रोज जेवणाच्या टेबलाशी बसून ती आठवून हाताने लिहितो आहे. एकतीस पानं झाली. पण त्यात तुझं किती आणि माझं किती, हे आता मलाच सांगता येत नाही. त्या वर्षापुरती शाळा सोडल्याचं तू दोन ओळींत संपवलं होतंस. माझ्याकडे त्याची चार पानं झाली आहेत. तू दप्तर माळ्यावर टाकायला स्टुलावर चढलीस तेव्हा स्टूल मी धरलं होतं. घट्ट धरलं म्हणून तू मला शाबासकी दिलीस. काहीतरी चांगलं झालं असं वाटून मी दिवसभर खुशीत होतो. हे तू लिहिलं नव्हतंस. तुझ्या फ्रॉकचा बंद धरून मी वर्षभर तुझ्यामागे फिरलो आणि त्यातलं काय काय मी तुझ्याकडून घेतलं, ते साठ वर्षांनी हाताने लिहिताना समजतं आहे. याआधी म्हणायला हवं होतं. राहून गेलं.

तुझा,
शेपूट

ता. क. : तुझ्या जन्मतारखेच्या दाखल्यात एखाद्या वर्षाचा घोळ आहे का ते पाहा. पंचाहत्तरी पुढच्या वर्षी निघाली तर छापखान्याला तसं कळवतो.

ता. क. २ : खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच होतं. तू पंधरा दिवस इकडे ये. आईच्या आजारपणाचं तूच सांग, मी टाइप करतो आणि प्रत्येक ओळीला सही करतो. जिन्याला नवा कठडा बसवून घेतला आहे. पुन्हा बळ नाही म्हणालीस तर निदान माझी एकतीस पानं वाचून, चुकलं तिथे रागाव.

वन्सं,

पत्र पाकिटात घालायला ह्यांनी माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली जागा होती तिथे लिहिते. सातवी वही माझ्या कपाटात लोकरीखाली आहे. पहिल्या सहाही आहेत. तुमचं अक्षर रद्दीत जाऊ देणारी मी नव्हे. त्या जागी ह्यांची ऑफिसच्या नियमांची सात जाड पुस्तकं गेली, ते ह्यांना अजून कळलेलं नाही. पहिल्या दिवशी मी गप्प बसले ती विणकामाच्या रागाने, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी ह्यांनी लिहिलेलं पान वाचलं आणि मग सांगवेना. स्टुलाचं मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. ह्यांचं लिहून पुरं होऊ दे, मग वही काढते. पुस्तकात दोन्ही घालू. तुम्ही मात्र याच, आणि येताना जरा रागावलेल्या दिसा, नाहीतर ह्यांना संशय येईल.