परक्या सणाला सुतक नसतं

कावागोए,
२५ डिसेंबर

प्रिय हिसाए,

तू पाठवलेली सफरचंदांची पेटी पोचली. एकही फळ डागाळलेलं नव्हतं. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि आता काठी न घेता बाजारात जातेस, हे वाचून बरं वाटलं. हिरोसाकीत एव्हाना खिडकीपर्यंत बर्फ आला असेल आणि तू नेहमीसारखी मफलर न गुंडाळता बाहेर पडत असशील. इथे सगळं, हे दोन शब्द मी तीनदा लिहून तीनदा खोडले. तुला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती वर्ष संपायच्या आत सांगायला हवी. तू म्हणशील, नमनालाच घडाभर तेल. ओतू दे थोडं.

काल संध्याकाळी आम्ही नाताळ केला. हसू नकोस. तळलेली कोंबडी, स्ट्रॉबेरीचा केक, सगळं रीतसर. आमच्या तेत्सुओंना तू ओळखतेस. बस चालवण्यात जन्म गेला आणि दर डिसेंबरात विनोद एकच: "वाढदिवस त्याचा, केक आपण खायचा, आणि त्याला साधं आमंत्रणही नाही." या वर्षी मात्र त्यांनी नोव्हेंबरातच कोंबडीची ऑर्डर नोंदवून टाकली. मी म्हटलं, "अहो, या वर्षी आपल्याला काही करायचं नाहीये ना?"

"नवं वर्ष करायचं नाही. दाराला पाइनच्या डहाळ्या लावायच्या नाहीत, कुणाला शुभेच्छा द्यायच्या नाहीत. नाताळाचं कुणी काय सांगितलंय? तो आपला सणच नाही. परक्या सणाला सुतक नसतं."

एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्यांदा वादात बरोबर निघाला.

तर झालं, सुतक हा शब्द लिहून झाला. हिसाए, आमची मिओरी गेली. ऑगस्टात गेली. ओबोनच्या सुट्टीत पितरांना दिवे लावायला घरी आली होती, पंख्यासमोर बसून कलिंगड खात होती. सुट्टी संपवून कामावर परतली आणि त्याच आठवड्यात स्टेशनच्या जिन्यावर कोसळली. मेंदूतली नस फुटली म्हणाले. आम्ही पोचलो तेव्हा तिचे हात अजून कोमट होते. एकोणतीस वर्षं वाढवली आणि शेवटी तेवढंच हाती लागलं.

तुला का नाही कळवलं, असं तू विचारणार. बाहेरगावी कुणालाच नाही कळवलं गं. घरातल्या घरात उरकलं. मग नोव्हेंबर आला आणि करड्या काठाची पोस्टकार्डं छापून घ्यायला मी स्टेशनजवळच्या दुकानात गेले. म्हटलं, बोलायला नको, कार्डच सांगेल: घरात मृत्यू झालाय, यंदा शुभेच्छा पाठवू नयेत. दुकानातली पोर गुणी होती. नमुन्यांचं जाड पुस्तक माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आजी, कोण गेलं? आई की वडील?" आईचा नमुना होता, वडिलांचा होता, सासूसासऱ्यांचा होता. मी पानं उलटत राहिले. मुलीचा नव्हता. "मजकूर तुम्ही सांगाल तसा छापून देऊ की," ती म्हणाली. मजकूर मी सांगायचा. नंतर येते म्हणाले आणि बाहेर पडले, ती परत काही गेले नाही.

म्हणून तुला करडं कार्ड आलं नाही, आणि तू बिचारी निश्चिंत राहिलीस.

आता नाताळाचं सांगते, कारण ते आमच्या पोरीचंच काम होतं. तिचा कार्टूनचा स्टुडिओ जी मालिका करायचा ती होती पोहणाऱ्या मुलींची. पण मालिका पोहण्याची असो नाहीतर भुतांची, डिसेंबरात नाताळाचा भाग ठरलेला. तेच उंच झाड, तेच दिवे, झाडाखाली वाट पाहणारी पोरगी, उशिरा धावत येणारा पोरगा, केक, आणि शेवटी बर्फ. येशूचं नावसुद्धा कुणी काढत नाही. आपल्याकडे बाहेरचा देव आला की आधी त्याचा केक होतो. इथे कावागोएत नाताळाला बर्फ मी कधी पाहिला नाही, कार्टूनमध्ये मात्र न चुकता पडतो. हे सगळं उन्हाळ्यात रंगवायचं. कलिंगड खाता खाता ती म्हणाली होती, "आई, ऑगस्टात बर्फ रंगवून रंगवून मला खरंच थंडी वाजायला लागलीये. पण सगळ्यांना बर्फाला निळी सावली द्यायला लावली मी. हिसाए मावशींची." तू तिला लहानपणी शिकवलेलं तिने स्टुडिओभर पसरवलं होतं.

तिच्याबरोबर काम करणारा इगाराशी नावाचा मुलगा शरद ऋतूत उदबत्ती लावायला घरी आला. त्यानेच सांगितलं की मिओरीताईंनी रंगवलेला भाग चोवीस तारखेला लागेल. तेत्सुओंनी विचारलं, "त्यात तिचं कुठलं?"

मुलगा गोरामोरा झाला. "काका, ते नाही सांगता यायचं. एक जण रस्ता रंगवतो, दुसरा दिवे, तिसरा बर्फ, आणि सगळं एका हातचं दिसावं लागतं. कुणाचं वेगळं ओळखू आलं की ते चुकलं म्हणून परत येतं. ताईंचं कधी परत आलं नाही."

तेत्सुओ म्हणाले, "परक्याला नाही ओळखू येणार. बापाला येईल."

म्हणून ती कोंबडी, म्हणून तो केक. काल ते टीव्हीच्या इतके जवळ बसले की मला त्यांची पाठच जास्त दिसली. भाग सुरू झाला. "हा पूल तिचा." पुढच्या क्षणी, "नाही, ही खिडकी." मग झाड आलं, बर्फ आला. बर्फाला निळी सावली होती. सगळ्याच बर्फाला होती. प्रत्येक छपराला, प्रत्येक पायरीला, कोण कुठल्या पोराने रंगवलेल्या कुंपणालासुद्धा. भाग रेकॉर्ड केला होता, तो पुन्हा लावला, थांबवत थांबवत पाहिला. शेवटी नावं धावतात तिथे तिचं नाव सापडलं. मी म्हटलं, "हे बघा, आहे ना."

"नाव काय, थडग्यावरही आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी केक कापला. तीन तुकडे केले, आणि तिसऱ्याचं काय करायचं ते दोघांनाही सुचेना. त्यांचा जबडा हलत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही एकदमच. मी त्यांना थांबवलं नाही. मलाही दुसरं काही सुचत नव्हतं.

लोक म्हणतात, काळ हे औषध आहे. मला तरी गुण आलेला नाही. ऑगस्टात निदान शेजारचे येत जात होते, डबे धुऊन परत करायचे होते. आता काही नाही. सकाळी उठायचं कशाला, हे मला रोज नव्याने शोधावं लागतं, आणि रोज सापडतंच असं नाही. वाटलं होतं, पडद्यावर तिचा हात दिसेल, एखाद्या पायरीत, दिव्यात. माझी पोर तिच्या कामात इतकी तरबेज होती की तिने स्वतःचा मागमूस ठेवला नाही. याचा अभिमान वाटायला हवा. मला तो वाटत नाही, हिसाए. मला तिचा राग येतो.

आता कामाचं. दर नव्या वर्षाला तुझी दोन कार्डं येतात, एक आम्हा दोघांना आणि एक तिच्या एकटीच्या नावाने, तुझ्या हातचं चित्र काढलेलं. बारा प्राण्यांच्या चक्रात पुढचं वर्ष घोड्याचं. तू घोडे रंगवूनही ठेवले असतील. पाठवू नकोस. कार्डं टपालपेटीत टाकून झाली असतील तर जिवाला लावून घेऊ नकोस, चूक तुझी नाही. एक तारखेला तेत्सुओंच्या आधी मी दारात जाईन आणि तिचं काढून घेईन.

सुतक वर्षाचं असतं. पुढच्या डिसेंबरापर्यंत ते संपलेलं असेल आणि रीतीप्रमाणे शुभेच्छा घ्यायला आम्ही मोकळे होऊ. तेव्हा कार्ड जरूर पाठव.

एकच पाठव.

तुझी
नोबुको