महालक्ष्म्या कोणाच्या घरी बसाव्यात

मी, श्रीमती वनमाला वासुदेव साकुरे, वय एकाहत्तर, निवृत्त वरिष्ठ लिपिक, राहणार बूढापारा, तलावामागची गल्ली, रायपूर, छत्तीसगड, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी सांगत आले तर तो खोटारडा समजावा.

नोकरी सारी हिंदीत झाली, रायपूर राजधानी झाल्यावर तर फाइलींचा नुसता पूर आला, तरी हा कागद मी मराठीत लिहीत आहे. माझा मुलगा विशाल याला मराठी समजते, पण वाचायला बसला की दुसऱ्याच ओळीला अडकतो. म्हणजे हे वाचून घ्यायला त्याला बहिणीकडे, मंजिरीकडे, जावे लागेल. जावेच. म्हणूनच मराठीत लिहिते आहे.

कलम १. बूढापाऱ्यातील राहते घर, खालच्या दोन खोल्या, वरची एक आणि गच्ची, माझ्या यजमानांनी, कै. वासुदेव साकुरे यांनी, रेल्वेच्या कारखान्यात वॅगन दुरुस्त करता करता बांधले. त्यांच्यामागे ते माझ्या नावे झाले. ते विशाल व मंजिरी यांना समान मिळावे. विशालचे चौबे कॉलोनीत स्वतःचे घर आहे, आणि आमच्या गल्लीत त्याची गाडी वळत नाही म्हणून तो सणासुदीलाच येतो. तेव्हा राहायचा हक्क आधी मंजिरीचा. दारापुढच्या ओट्यावर माझा पुतण्या बंडू स्कूटर लावतो. त्याचा ओट्यावर कसलाही हक्क नाही. सांगायला गेले की "हव काकू" म्हणतो आणि तिथेच लावतो. मी गेल्यावर तरी उचलावी.

कलम २. बँकेत जे असेल ते दोघांना निम्मे निम्मे. किती आहे ते बँकेला ठाऊक आहे. इथे लिहून घरात चर्चा नको.

कलम ३. यजमानांची हत्यारांची पेटी, पाने, कानशी, हातोडे आणि लोखंड पकडायचा त्यांचा तो जड शिकंजा, हे सारे सोनियाला द्यावे. घरचा पंप बंद पडला की विशाल प्लंबरचा नंबर पाठवतो. सोनिया पाना घेऊन येते. सोनिया ही मंजिरीची

इथे मी "मैत्रीण" लिहिले होते, ते खोडले आहे. खाडाखोडीवर सही केली आहे. सोनिया ही मंजिरीची जोडीदार. दोघी भनपुरीला भाड्याच्या घरात संसार करतात. हे कागदावर पहिल्यांदाच उतरवते आहे, आणि तोंडाने तर मी हे अजून कोणाला सांगितलेले नाही. शेजारपाजारी विचारले की "रूम पार्टनर आहे" म्हणते. विचारणारे हसतात, आणि मीही निलाजरी त्यांच्याबरोबर हसते.

कलम ४. माझ्या सोन्याच्या पाटल्या सूनबाईला, म्हणजे विशालच्या बायकोला. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी धाकटी जाऊ शारदा, बंडूची आई, हिने नेलेले पुरणयंत्र तिने परत करावे. "उद्या आणून देते ताई" म्हणाली होती. तिचा उद्या काही उजाडत नाही.

कलम ५. आता ज्यासाठी हा कागद करायला बसले ते.

भाद्रपदात आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघींचे पितळी मुखवटे सासूबाईंनी उमरेडहून आणलेले. आमच्यात ते सासूकडून सुनेकडे जातात, मुलीकडे जात नाहीत. सूनबाईने मला स्पष्टच सांगितले, "मम्मीजी, मेरे से नहीं होगा. तीन दिन की छुट्टी कौन देगा?" खरे बोलली बिचारी. तेव्हापासून शारदा मुखवट्यांवर डोळा ठेवून आहे.

यजमान गेल्यापासून मुखवटे तीच बसवते. मी विधवा, म्हणून उंबऱ्याबाहेर उभी राहून कोणाला कोणती साडी ते सांगते. सवाष्णींची पंगत उठली की स्वयंपाकघरात, ओट्यापाशी पाटावर बसून एकटी जेवते. रीत आहे म्हणून तोंड उघडले नाही. पण पहिल्या वर्षी तो घास गिळता गिळवत नव्हता, हे इथे लिहून ठेवते.

गेल्या वर्षी मंजिरी आणि सोनिया पहाटेपासून राबल्या. सोनिया महासमुंदची. आंबील म्हणजे काय तिला ठाऊक नव्हते, माझ्यापाशी उभी राहून शिकली. सोळा भाज्या तिने चिरल्या. दुपारी पाने मांडली तेव्हा मंजिरीने आपली दोघींचीही पाने पंगतीत मांडली. शारदा सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, यायले सवाष्णीत काहून बसवून राहिल्या? कोणाच्या नावाचं कुंकू हाय यायले?"

मंजिरी माझ्याकडे पाहत राहिली. मी तिची आई, घर माझे, देवी माझी. एवढेच म्हणायचे होते की बसू दे वं, लेकरं आहेत माझी. मी म्हणाले, "बेटा, तुम्ही दोघी आत बसा. मी आतच वाढते."

दोघी उठल्या. सोनियाने आपले पान आपल्या हाताने उचलले. आणि मी त्यांना त्याच ओट्यापाशी, त्याच पाटावर बसवले. तिथे बसून जेवताना कसे वाटते हे त्या घरात मला एकटीला माहीत होते. तरी बसवले. सोनियाच्या हातची आंबील देवीला चालली, पंगतीने मागून मागून घेतली, सोनिया तेवढी चालली नाही.

मंजिरीने घास घेतला नाही. निघताना म्हणाली, "आई, तू आम्हाले हाकललं असतं तर मी भांडली असती. तू तर वाढून राहिली होती वं. भांडू कशी?"

त्यानंतर दोघी माझ्या घरी आल्या नाहीत. पण देव काही त्यांना सोडवेना. माझ्याच मांडीवर आरत्या शिकलेली पोर ती. गल्लीच्या भजनी मंडळात गेल्या, तिथे बायका म्हणाल्या की मंजिरी एकटी आली तर हरकत नाही. मी त्या मंडळाची जुनी सभासद. त्या दिवशी हजर होते आणि टाळाच्या दोऱ्या सारख्या करत बसले. मग कुठल्याशा सत्संगात गेल्या, तर तिथल्या महाराजांनी दोघींना "दोष" जाण्यासाठी मंत्र दिला. सोनिया बाहेर येऊन हसली आणि मंजिरी रडली, असे मला मागाहून कळले.

शेवटी भनपुरीतच त्यांना जागा मिळाली. ट्रक रंगवायच्या एका गॅरेजमागे दर गुरुवारी भजन होते. ते गोदावरी चालवते. गोदावरी जन्मली तेव्हा घरच्यांनी मुलगा झाला म्हणून पेढे वाटले होते. ती बाई आहे. लोक तिला काय काय म्हणतात ते मी लिहिणार नाही, कारण मीही तेच म्हणत आले.

एका गुरुवारी मी ई-रिक्षा करून तिथे गेले. खरे सांगायचे तर पोरी कोणत्या भानगडीत पडल्या ते बघायला गेले. डोक्यावरून पदर घेऊन मागे चपलांपाशी बसले. ड्रायव्हरांच्या बायका होत्या, म्हाताऱ्या होत्या, दोन तरुण पोट्टे एकमेकांना टेकून टाळ्या वाजवत होते. मंजिरी पेटीवर, सोनियाच्या हातात झांजा. माझी मुलगी इतकी मोकळी गाते हे मला ठाऊक नव्हते. माझ्या घरी ती नेहमी दबक्या आवाजात गायची.

आरतीनंतर गोदावरी प्रसाद घेऊन माझ्यापाशी आली, इकडच्या बोलीत आईला म्हणतात तशी हाक मारत. "दाई, आप मंजिरी दीदी की माँ हो क्या? चेहरा एकदम मिलता है."

मी म्हणाले, "नहीं नहीं, मैं तो ऐसे ही आई."

मंजिरी दोन हातांच्या अंतरावर पेटी बंद करत होती. तिने ऐकले. मान वर केली नाही. गोदावरी म्हणाली, "ऐसे ही आए हो तो भी बैठो दाई. यहाँ सब ऐसे ही आए हैं."

पंगतीत शारदा होती, चार बायका होत्या, त्यांना भ्याले म्हणता येईल. इथे कोणाला भ्याले? कोणी नाव ठेवणारे नव्हते. तरी पोटच्या पोरीला नाही म्हणाले. मला माझी लाज वाटते. मृत्युपत्रात असे लिहीत नसतील, मी लिहिते. आजही दर गुरुवारी जाते, चपलांपाशीच बसते, आणि आरती संपायच्या आत उठून येते.

सबब, माझ्या मृत्यूनंतर महालक्ष्म्यांचे दोन्ही मुखवटे मंजिरी व सोनिया यांना मिळावेत. शारदाने हरकत घेऊ नये.

(इथवरचा मजकूर श्रावणात लिहिला. सही करायची राहिली होती. पुढचे आज लिहीत आहे.)

कलम ६. कलम ५ मधील शेवटच्या दोन ओळी रद्द केल्या आहेत. कारण असे. "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द मी पुन्हा वाचले आणि स्वतःचीच किळस आली. केवढी सोय केली होती मी माझी! मी मरणार, हार घालून भिंतीवर बसणार, आणि शारदाला तोंड द्यायला पोरी. मी जिवंत आहे तोवर त्यांचे पान आतच. हे देणे नव्हते, पळ काढणे होते.

म्हणून काल, आवाहनाच्या दिवशी, मुखवटे लाल कापडात बांधून मी भनपुरीला गेले. दार गोदावरीने उघडले. ती त्यांच्याकडे चहाला आली होती. मला पाहून हसली. "अरे, ऐसे ही वाली दाई!"

मंजिरी आतून आली. मांडीवरचे मूल उचलून धरावे तसे मी ते गाठोडे धरून उभी. ती म्हणाली, "हे कशाला आणलं? आम्ही सवाष्णी नाही ना. आणि हे तर सुनेले देतात."

गोदावरी माझ्याकडे पाहत होती, मागे सोनिया हात पुसत उभी होती. या वेळी मात्र म्हणाले. "गोदावरी, उस दिन मैं झूठ बोली. मैं मंजिरी की माँ हूँ. और ये सोनिया, ये मेरी बहू है. उसी को देने आई हूँ."

मंजिरी दाराला टेकून रडायला लागली. सोनियाने पाया पडणे वगैरे काही केले नाही. गाठोडे घेतले, छातीशी धरले, आणि म्हणाली, "मम्मी, अंदर आओ. दूध चढ़ा है, उफन जाएगा."

संध्याकाळी मुखवटे बसवायची वेळ आली तेव्हा मी सवयीने उंबऱ्याबाहेर उभी राहिले. सोनियाने हात धरून आत ओढले. ज्येष्ठेचा मुखवटा तिने बसवला, कनिष्ठेचा माझ्याकडून बसवून घेतला. यजमान गेल्यापासून त्या पितळेला माझा हात लागला नव्हता. आज दुपारी पंगत आहे आणि माझे पान पंगतीत आहे. मंजिरी अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलते, आणि ते योग्यच आहे.

तेव्हा मुखवटे आता माझ्या मालकीचे नाहीत आणि त्यांच्या वाटणीचा प्रश्न उरत नाही. चाल मोडलेली नाही. ते सासूकडून सुनेकडे गेले आहेत.

माझी लाज मात्र कोणाच्या नावे करता येत नाही. ती माझ्यासोबत येईल.

कलम ४ मधील पुरणयंत्राचा मजकूरही रद्द समजावा. आज सकाळी शारदा बंडूच्या स्कूटरवर बसून इथे भनपुरीला आली. देवी जिथे असेल तिथे डोके टेकवायला यावेच लागते तिला. पिशवीत पुरणयंत्र होते. साक्षीला बोलावले तर म्हणाली, "ताई, मले हे पटून नाही राहिलं." मी म्हणाले, "पटू नको दे. सही माझी आहे, एवढंच पाहाचं हाय तुले." पेन गोदावरीच्या हातात होते. शारदाने आधी पिशवी खाली ठेवली, मग ते तिच्याकडून घेतले.

लिहून देणार: वनमाला वासुदेव साकुरे

साक्षीदार:
१. गोदावरी, राहणार भनपुरी
२. शारदा साकुरे, राहणार बूढापारा (जेवायला थांबली आहे)

स्थळ: मुलीचे व सुनेचे घर, भनपुरी, रायपूर
दिनांक: ११ सप्टेंबर २०२४, महालक्ष्मीपूजन