तोंडावरचा हात

१० नोव्हेंबर, सोमवार
केतकीच्या साखरपुड्याचे फोटो आले. चारशेच्या वर आहेत. संध्याकाळी चहा घेत तिघं टीव्हीसमोर बसलो. सुनंदा साड्या बघत होती, मी व्याही. केतकी स्वतःला. अर्ध्यावर म्हणाली, "बाबा, एकाही फोटोत माझे दात नाहीत." खरंच नाहीत. ओठ मिटलेले, नाहीतर तोंडावर हात. शेजारी जावई बत्तीशी दाखवून हसतोय.

"लग्नात असं नको. मी व्हेनियर्स करून घेणार. आणि बाबा, ते तुम्हीच बनवायचे."

सुनंदा म्हणाली, "अगं, हसतील त्याचे दात दिसतील. लोकांचं काय घेऊन बसलीस?"

"लोकांचं नाही आई, माझं."

वागळे इस्टेटच्या लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं लोकांचे दात बनवतोय. घरातून ऑर्डर पहिल्यांदाच. हो म्हटलं. आनंद झाला, खोटं कशाला लिहू.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
केतकीला घेऊन कल्याणला, डॉक्टर मॅडमकडे. यांची कामं दहा वर्षं आमच्या लॅबला येतात, पण पेशंटच्या बाजूच्या खुर्चीत आज पहिल्यांदा बसलो. वरचा डावा सुळा हिरडीकडे चढलेला, शेजारचा दात त्याच्यामागे कललेला. हुबेहूब तिच्या आईचा.

मॅडमनी नीट समजावलं. पारदर्शक ट्रे लावून दात सरकवता येतील, पण वर्ष जाईल. लग्न २५ जानेवारीला, तेव्हा ते बाद. दुसरं, दाताच्या रंगाचं मटेरियल वरून चढवायचं. काही घासायला लागत नाही, पण ते टिकतं कमी, टवके उडतात. तिसरं व्हेनियर: समोरचे सहा दात पुढून घासायचे आणि वर चिनी मातीचे पातळ पापुद्रे चिकटवायचे. के. म्हणाली, तिसरं.

"एकदा घासलं की परत नाही," मॅडम म्हणाल्या, माझ्याकडे बघून. "आधी वरवरची ट्रायल घेऊ. तुमचं काय मत?"

"तिचे दात, तिचा निर्णय," मी म्हटलं. ऐकायला सभ्य वाटलं. खरं म्हणजे अंग काढून घेतलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
के.चं माप लॅबला आलं. चिठ्ठीवर नाव, वय, दाताच्या रंगाची शेड. नाव मी कधी वाचत नाही, शेड बघतो. प्लास्टरचं मॉडेल काढून टेबलावर ठेवलं आणि काही केलं नाही. दिवसभर दुसऱ्यांचे दात केले.

१६ नोव्हेंबर, रविवार
अल्बमसाठी फोटो निवडायला बसलो. एक सापडला. कुणीतरी विनोद केला असणार, सु. आणि के. शेजारी उभ्या, दोघी हसतायत. दोघींचा उजवा हात तोंडावर. चार बोटं जुळलेली, करंगळी जरा सुटी. एकच हात दोनदा छापल्यासारखा.

मग के.चे जुने फोटो काढले. चौथीच्या स्नेहसंमेलनात सगळे दात दाखवून हसतेय, सुळ्यासकट. सातवीत हात आलेला आहे.

दात आईकडून आले हे मला माहीत होतं. हातही तिच्याकडूनच आला. आणि तिच्याकडे कुठून आला, तेही मला माहीत आहे. आज लिहवत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार
लिहून टाकतो.

लग्नाला सहा महिने झालेले. लॅबमध्ये मी नवखा, शिकायची भूक. एका रविवारी मापाची पावडर घरी आणली आणि सु.च्या दातांचं माप घेतलं. तिला गंमत वाटली. ओट्यावर पाय हलवत बसली होती. पुढे आठवडाभर लॅब सुटल्यावर त्यावर काम केलं. सुळा खरवडून काढला, मेणाने नवा बांधला, सहाच्या सहा दात एका ओळीत आणले. तिच्या वाढदिवसाला ते मॉडेल रुमालात बांधून दिलं. म्हटलं, "बघ, तू अशी दिसशील."

केवढा अभिमान वाटत होता मला!

तिने बराच वेळ बघितलं. "छान झालंय काम," म्हणाली आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली. पुढे काही केलं नाही. तेव्हा ऐपत नव्हती, मग के. पोटात होती. विषय संपला असं मी धरून चाललो.

लग्नात उखाणा घेताना ही अशी हसली होती की मांडवातल्या बायका वळून बघत होत्या. त्या वाढदिवसानंतर ती हसताना तिचे दात मी पाहिलेले नाहीत. लाजते, असं सत्तावीस वर्षं म्हणत आलो. दिवसाला पंधरा तोंडांची मापं तपासणारा माणूस मी.

मॉडेल अजून लॅबच्या खणात आहे. हातून झालेलं पहिलं चांगलं काम, म्हणून ठेवलेलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
के.च्या मॉडेलवर मेणाचे दात बांधून झाले. डावा सुळा दोनदा वरच राहिला. हात ऐकेना. तिसऱ्यांदा ओळीत आणला.

२३ नोव्हेंबर, रविवार
सु. मेथी निवडत होती. समोर बसलो आणि विषय काढला. "तुझ्या वाढदिवसाला मी ते मॉडेल आणलेलं, आठवतं?"

"आठवतं म्हणजे?" बोटं चालूच. मग म्हणाली, "माहेरी माझ्या दातावरून कधी कोणी बोललं नव्हतं. आजी तर म्हणायची, सुनूचा दात नशीबवान. तुम्हीही बोलला नाहीत. तुम्ही करून दाखवलंत."

"मग तेव्हाच सांगायचंस ना."

"आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाला सांगणार?" एक देठ खुडून, "केतकीला मी शिकवलं नाही हो. ती बघत होती."

चुकलं माझं, म्हटलं. इतकी वर्षं अडकलेलं वाक्य, दोन शब्दांचं निघालं. तिने अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली. निवडत बसलो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
ट्रायल. तिघंही कल्याणला. माझ्या मेणाच्या दातांवरून साचा केलेला, त्यात मटेरियल भरून मॅडमनी ते के.च्या दातांवर बसवलं. पाच मिनिटांत नवे दात. ट्रायल संपली की काढून टाकता येतात.

के. आरशात बघत राहिली. देखणी दिसत होती. काम चांगलं झालंय, माझं म्हणून नाही सांगत. मॅडमनी कॅमेरा घेतला, फोटोसाठी हसतात तशी ती हसली. दात दिसले. मॅडमनी विचारलं, "आईंना कसं वाटतंय?"

सु. म्हणाली, "छान आहे. फक्त हिच्या सासूबाई विचारतील, दाखवलेली मुलगी हीच का?"

के.ला खरं हसू फुटलं. आणि हात वर गेला. चार बोटं, करंगळी सुटी. सहाच्या सहा नवे दात झाकले गेले.

के.ने हात खाली घेतला आणि त्याच्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "काढा हे." मॅडमनी काढलं. "सोमवारी सांग," म्हणाल्या, "घासायचं की नाही ते. घाई नको."

परतताना के. खिडकीबाहेर बघत होती. सु.ने तिचा हात धरून ठेवलेला.

२९ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी के.ने विचारलं, "बाबा, माझा दात तुम्हाला वाईट दिसायचा का?"

"नाही गं. कधीच नाही."

"मग बोलला का नाहीत कधी? तुम्ही तर दातांचेच."

तेव्हा तिला सगळं सांगितलं. रुमाल, मॉडेल, सगळं. मला वाटलं रडेल. ती चिडली. "आईला तुम्ही गिफ्टमध्ये दुसरीच बाई दिलीत," म्हणाली आणि खोलीत गेली. दिवसभर बोलली नाही. बरोबर आहे तिचं.

लॅबमधून येताना खणातलं मॉडेल घरी आणलं.

३० नोव्हेंबर, रविवार
सु.ने मॉडेल हातात घेतलं. मेण पिवळं पडलंय. अंगठा फिरवला त्या सरळ सुळ्यावरून. "ही मी नव्हेच. माझे खरे कुठेत?"

नाहीत, म्हटलं. एकच मॉडेल होतं, त्यावरच खरवडलं.

"मग घ्या आता. पावडर असेल ना बॅगेत?"

होती. सु. खिडकीपाशी खुर्चीत बसली, गळ्यात टॉवेल. खोलीचं दार उघडून के. आली. माझ्या हातातला वाडगा घेतला आणि पावडर कालवायला लागली. मी मापाचा ट्रे भरून सु.च्या तोंडात बसवला. तीन मिनिटं हलायचं नाही. सु.ला लाळ आवरेना, डोळ्यांत पाणी, आणि तशातही ती हातवारे करून सांगत होती की गॅसवर भात आहे. के.ला हसू फुटलं. एका हातात वाडगा, दुसऱ्यात कालवायचा चमचा, दोन्ही बरबटलेले. तोंडावर न्यायला हातच नव्हता. हसली ती, चौथीतल्या फोटोसारखी. सुळ्यासकट.

मी बघितलं. सु.नेही बघितलं.

उद्या सोमवार. मॅडमना काय सांगायचं ते के.ने सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. तिच्या मेणाच्या दातांचा डबा बॅगेत भरून ठेवलाय. काय म्हणेल ते करीन.

सु.च्या साच्यात प्लास्टर भरून ओट्यावर ठेवलंय. दोनदा येऊन विचारून गेली, "निघाले का माझे दात?" अजून ओलं आहे, म्हटलं.