यान लातूरवरून जाताना

४ जुलै २०१९, लातूर

आलो एकदाचा! प्रवास मजेत झाला, गाडीत खिडकी मिळाली आणि स्टेशनवर न्यायला चक्क दोघं हजर. एक पंचशीला, रेणापूरची, इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी., इथली ऑपरेटर. दुसरे वकारभाई, अँटेनाची देखभाल करणारे. त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला. मी काय आमदार आहे?

'भूवेध' हा आमच्या पुण्याच्या संस्थेचा छोटासा वैज्ञानिक उपग्रह. भूकंपाआधी वरच्या वातावरणात काही विद्युत बदल होतात का, ते तो शोधतो. त्र्याण्णवचा भूकंप या भागातला, म्हणून नियंत्रण कक्षही इथेच हवा, असं कुणा भावनाप्रधान संचालकाला वाटलं. आणि कक्ष कुठे, तर एका कोचिंग क्लासच्या इमारतीत, सगळ्यात वर. खालचे मजले भरून पोरं जीवशास्त्र घोकत असतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फलकांवर टॉपरांचे चेहरे, पेटीतल्या आंब्यांसारखे रचलेले. या गावात डॉक्टर पिकतात म्हणे. पिकतात कसले, अढीत घालून पिकवतात.

तरी मी खुशीत आहे. इथली घडी बसवायची आणि पुण्याला परत.

६ जुलै

काम सोपं आहे. रोज सकाळी क्लासचा दुसरा तास सुरू झाला की यान नांदेडच्या अंगाने वर येतं. गच्चीवरची अँटेना त्याच्याकडे तोंड करते, आम्ही हाक मारतो, ते ओ देतं. आधी तब्येत विचारायची: बॅटरी कशी, तापमान किती, तोंड कुठे, हलतंय का. मग मोजमापं उतरवून घ्यायची, उद्याच्या आज्ञा वर चढवायच्या. तोवर ते निलंग्याच्या पलीकडे कर्नाटकात बुडतं. चहा गार व्हायच्या आत सगळं आटोपतं.

पंचशीला मात्र बोर्डाचा पेपर असल्यासारखी बसते. प्रत्येक आज्ञा पुन्हा पुन्हा वाचते. मी म्हणालो, हे माकडालाही शिकवता येईल. वकारभाई हसले. ती हसली नाही.

११ जुलै

आज पहिल्यांदा मी स्वतः खुर्चीत बसून यानाला हाक मारली. ते थरथरलं.

यान किती हलतंय हे दाखवणारी रेघ एरवी सरळ असते. आज लातूरवर येताच तिला करवतीसारखे दाते फुटले आणि निलंगा ओलांडल्यावर विरले. वर ना वारा, ना जमीन. हादरा बसेल कशाचा? उघड आहे, काल पंचशीलाने चढवलेल्या आज्ञांत घोळ असणार. तिने त्या तपासल्या, घोळ नाही म्हणाली. म्हणणारच.

वकारभाई पडद्याजवळ सरकले. म्हणाले, "साहेब, आमचा पलंग असाच हलला होता. आधी बारीक. मंग दणादण."

इथे बस खड्ड्यात गेली तरी गोष्ट भूकंपावर येते. या लोकांनी त्या भूकंपाची पेन्शन लावून घेतली आहे.

१५ जुलै

यानाची दिशा वळवणारी चाकं लातूरवर येताना बंद ठेवून पाहिली. थरथर तीच. मोजमापाचं यंत्र बंद केलं. तीच.

दुपारी पंचशीलाने रोजच्या रेघा एकाखाली एक लावून दाखवल्या. ती खुर्चीत असेल तेव्हा रेघ सरळ. मी असेन तेव्हा थरथर, आणि दर खेपेला आधीपेक्षा जास्त.

"सर, यान नाही बिघडलं," ती म्हणाली. "तुम्ही हाक मारली की हलतंय ते."

मी विचारलं, एम.एस्सी. कुठल्या देवीला नवस बोलून मिळवलीस?

"नवसानं न्हाई सर. रोज येष्टीनं जाऊन मिळवली." कागद उचलून ती बाहेर गेली.

संध्याकाळी पुण्याला कळवून टाकलं: ऑपरेटर निष्काळजी, आज्ञा चुकीच्या. थरथरीचं लिहिलं नाही. हसले असते.

१९ जुलै

चौकशी होईपर्यंत पंचशीलाला घरी बसवलं. कक्षात आता शांतता आहे. तोंड वर करून बोलणारं कुणी नाही.

यान आज आल्यापासून बुडेपर्यंत थरथरत होतं. कपातला चहाही. पडद्यावर रेघ उसळली की कपात तरंग उठायचा, अगदी बरोबरीने. मी वकारभाईंना बोलावलं. त्यांनी टेबलावर तळहात टेकवला, चपला काढून फरशीवर उभे राहिले.

"टेबल तर गप हाय साहेब."

आंधळे आहेत का हे लोक?

२२ जुलै

मी पळालो. लिहायलाही लाज वाटते.

फरशी सरकली. स्पष्ट सरकली, खुर्चीसकट. मी ओरडत जिने उतरलो: बाहेर पडा, सगळे बाहेर पडा! एका वर्गात मास्तर फळ्यावर हृदयाचे कप्पे काढत होता. पोरी तोंडावर ओढणी धरून हसल्या. कुणी जागचं हललं नाही. रस्त्यावर आलो तर इमारत उभी, दोरीवरचे टॉवेलसुद्धा स्तब्ध.

क्लासचे मालक श्रीमंत सर वर येऊन गेले. फार नम्र. शेजारच्या वर्गात पोरांची टेस्ट चालू होती म्हणाले, साहेबांनी एकदा दवाखान्यात दाखवून घ्यावं. मला! हा घोकंपट्टीचा दुकानदार मला—

२३ जुलै

यानाला बोलणं बंद करायची आज्ञा दिली. त्याने ती मान्य केली आणि मुकं झालं.

थरथरू दे आता. मला ऐकायचं नाही.

२४ जुलै

अँटेना वळवून ठेवली होती. पडदा काळा. तरी त्याच वेळेला आलं.

आधी आवाज, लांब कुठे ट्रकमधून खडी ओतावी तसा. मग डोक्यावर काहीतरी सांडलं. वकारभाईंनी माझ्या केसांतून ते काढलं. पांढरी माती. कुजक्या लाकडाची एक ढलपी. वर छत सिमेंटचं आहे, एक ओरखडा नाही.

त्यांनी ती माती बोटांत चुरली. म्हणाले, ही जुन्या घरांच्या माळवदावर, लाकडी छतावर, घालायची पांढरी. कॉलेजात असताना ते भूकंपाचे ढिगारे उपसायला गेले होते, तेव्हा नखांत बसली होती. नळाखाली हात धूत राहिले. धूतच राहिले.

२५ जुलै

पंचशीलाला फोन केला. माफी मागितली नाही. काम आहे म्हणालो. ती येईन म्हणाली, पण खुर्चीत ती बसेल आणि मी कशालाही हात लावायचा नाही. आज्ञा— मला!

हो म्हणालो.

२६ जुलै

आली आहे. यानाला पुन्हा बोलतं करायची तयारी चालू आहे. मी मागे स्टुलावर, वही मांडीवर. शाळेत खोड्या करणाऱ्या पोराला बसवतात तसा.

अँटेना वळली. ती तोच आकडा परत वाचते आहे— परत— अशाने यान बुडून जाईल. हे माझं काम आहे. माझं. ही कालची पोर—

उठवलं तिला. मीच हाक मा

(नंतर)

अंधार. तोंडात माती. डावा पाय दगडाखाली, दुखत नाही. वही छातीशी आहे. पेन्सिल आहे.

वर आवाज. पंचशीला.

"वकारभाई, सर कुठं गेले? आत्ता तर इथं होते. खुर्ची अजून गरम हाय."

खाली बघ, मूर्ख मुली! पायाखाली!

शोधतायत. दार उघडलं. जिना. परत आले. खाली क्लासची घंटा झाली— खाली? मग मी कुठे—

ती खुर्चीत बसली. यानाला हाक मारते आहे. ओ आली. म्हणते आहे, रेघ सरळ आहे. एकदम सरळ.

मी ओरडलो. पुन्हा ओरडलो.

कानाशी कुणीतरी बोललं. बाई. "ओरडू नको बाबा. आम्ही बी लई ओरडलो."

इथे हात आहेत. खूप. गार. लहानसुद्धा— एक माझ्या पेन्सिलीवर—