आपोआप लागणारं नेट

सिद्धेश,

दिशाला घेऊन आईकडे जोगेश्वरीला जातेय. घाबरू नकोस, ताप उतरलाय. माझ्या मांडीवर झोपलीय, म्हणून एका हाताने लिहितेय.

दुपारी तिला सणसणून ताप चढला, प्यायलेलं दूध सगळं ओकली. डॉक्टरांना फोन करायला रिसीव्हर उचलला, तर कानात तुझ्या मोडेमची किंचाळी. सकाळी केवढ्या कौतुकाने सांगत होतास ना, "आता नेट आपोआप लागेल, तुटलं तरी कॉम्प्युटरच पुन्हा डायल करेल." करत होता बरं का, इमानेइतबारे. फोन मोडेममधूनच जोडलेला, म्हणून वायर उपटली तर फोन साफ मेला, परत खोचली तर माझ्याआधी तोच डायल करायला लागला.

किळस आली मला. त्या डब्याची नाही रे, माझीच. पोर फणफणतेय आणि मी बटण बंद करायला घाबरतेय, का तर तू बजावलेलंस, "मध्येच बंद केलंस तर हार्डडिस्क जाईल." शेवटी तिला उचलून शेजारी रत्नप्रभाकाकूंकडे धावले. डॉक्टर त्यांच्या फोनवरून मिळाले. काकू म्हणाल्या, "गो, घरात फोन आसा मा? मगे हंय कित्याक धावत इलंस?"

घरी येऊन आधी मेन स्विच पाडला. हार्डडिस्क गेली की राहिली, तू बघ. मला आज इथे बसवत नाही.

डाळभात झाकून ठेवलाय. लेकीची खबर हवी असेल तर आईकडे फोन कर, स्वतःच्या बोटांनी. एंगेज लागला तर पुन्हा लाव, लागेपर्यंत लावत बस.

श्रुतिका