सरळ झालेला डोळा

दि. १४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. भावजींनाही सांग. तुझं पत्र काल दुकानात मिळालं. इकडे ह्यांची पाठ आता दुखायची थांबली आहे, त्यामुळे कुरकुरीला नवा विषय शोधणं चालू आहे. दुकानात शाळेच्या गणवेशांची गर्दी आहे. काजं-बटणं मी दुसऱ्या बाईकडे दिलीत, मी फक्त सरळ शिलाई मारते.

तुझ्या मिठूच्या डोळ्याचं ऑपरेशन सोमवारी ठरलं हे वाचलं. "तुझा तिरळेपणा इतका छान गेला, ते बघूनच मी धीर केला," असं तू लिहिलंस. वाचून मी मशीन थांबवलं.

लोक तोंड भरून कौतुक करतात असं मी तुला कळवलं होतं, ते खोटं नाही. "बाई, माझ्याकडे बघताय की घड्याळाकडे?" म्हणणारी गिऱ्हाइकं पट्टी निघाल्यावर मला उजेडात उभं करून बघत होती. आणि मीही नव्या नवरीसारखी उभी राहत होते. त्याच आठवड्यात त्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. मग काळे ठिपके आले, मग खालून एक सावली वर चढायला लागली. टाके भरत असतील म्हणून मी अवाक्षर काढलं नाही. खरं सांगू? जन्मात पहिल्यांदा लोक न अवघडता माझ्या तोंडाकडे बघत होते, त्यात मला विघ्न नको होतं.

ताई, त्या डोळ्याने मला आता दिसत नाही.

स्नायूला टाका घालताना सुई जरा खोल गेली, डोळ्याच्या भिंतीला बारीक भोक पडलं आणि मागचा पडदा सुटला. डॉक्टरांनी काही लपवलं नाही, समोर बसवून सांगितलं. पडदा चिकटवायला दुसरं ऑपरेशन झालं. त्यानंतर पडदा जागेवर दाबून राहावा म्हणून दिवसरात्र पालथं पडून राहायचं. भेटायला येणारे माझ्या केसांशी गप्पा मारायचे आणि मी त्यांना पायांवरून ओळखायचे. मला कोणाचं तरी तोंड दिसावं म्हणून हे पलंगाशेजारी फरशीवर उताणे झोपून पेपर वाचून दाखवायचे. पाठ त्यातच धरली त्यांची. एवढं करूनही पडदा टिकला नाही.

आता चहा ओतते तो कपाच्या शेजारी. जिन्याची पायरी पायाने चाचपते. राग येतो डॉक्टरांचा, माझा, आणि कालपासून उगाचच तुझाही.

"नको करू" एवढंच लिहून पाठवणार होते. पण आज सकाळी डॉक्टरांकडे गेले. विचारलं, "तुमची मुलगी असती तर?"

"केलं असतं," ते म्हणाले. "असं फार क्वचित होतं. आणि लहान मुलाचा डोळा तसाच ठेवला तर तो कामच सोडून देतो."

"मी सावली दिसल्या दिवशीच आले असते तर?"

त्यांनी माझा कागद उघडून तारखा पुन्हा बघितल्या. मग म्हणाले, "बहुतेक वाचला असता."

म्हणून तू कर, ताई. पण सगळं माहीत असून कर. वीज, ठिपके, सावली, काहीही दिसलं तरी मिठूने त्याच क्षणी सांगायचं. पाहुणे कौतुक करत बसलेले असले तरी मधेच ओरडायचं. ती आपल्यासारखीच भिडस्त आहे, त्याची मला भीती वाटते.

मी रविवारी येते. भावजींना स्टेशनवर पाठव, गर्दीत एका बाजूची माणसं मला धडकतात. मला बघून तू रडशील. ते मिठूसमोर नको, आपण दोघी स्वयंपाकघराचं दार लावून रडू.

तिने तुझ्या पत्राखाली विचारलंय, "मावशी, दुखतं का?" थोडं दुखतं, खुपतं, म्हणावं. पुढचंही ती विचारेलच, की मावशी, तुझा डोळा आता कसा आहे. भूल देईपर्यंत तिचा हात मला धरायचा आहे, पण काय सांगायचं ते तू ठरव. खोटं बोलायला सांगणार असशील तर मी बाहेर बाकावर बसेन.

तुझ्या उत्तराची वाट न बघता निघणारी,
तुझी धाकटी