तळ्यावरचा पांढरा चौकोन

३ नोव्हेंबर

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. खरं तर साष्टांग घालण्याइतकी जागा माझ्या खोलीत नाही, तेव्हा उभ्यानेच घे. मी मजेत आहे. वहिनीचा गुडघा कसा आहे? तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. ते निदान वाजत तरी नाही.

माझं काम म्हणजे तुझ्या भाषेत रंगरंगोटी. सध्या पाणपक्ष्यांचा नकाशा करतेय. जुनी-नवी उपग्रहचित्रं एकमेकांवर ठेवून पाणथळ जागा कुठे बुजल्या ते बघायचं आणि त्यावर पक्षी मोजणाऱ्यांचे आकडे चढवायचे. पक्षी उरले तो चौकोन निळा, संपले तो पांढरा. पांढऱ्या जागा वाचवायच्या यादीतून गळतात. मग तिथे भराव पडायला कितीसा वेळ!

आपल्या घरामागचं तळं पांढरं आलं.

माझा विश्वासच बसेना. चित्रात पाणी आहे, काठाला दाट गवत आहे, मग पक्षी जातील कशाला? आमच्या ऑफिसातल्या मुख्य बाई बघून म्हणाल्या, "अगं, दोन हिवाळे तिथून आकडाच आलेला नाही. तू रिकामी जागा शून्य धरलीस." आकडा न येणं म्हणजे पक्षी नसणं नव्हे, हे नवीन लोकांना मीच शिकवते. आणि मीच तोंडावर आपटले.

आकडा येणार कुठून? तिथे मोजणारे बाबाच होते.

ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. जिन्यात जाऊन रडून घेतलं. इथे मला विचारणारं कुणी नाही, दादा. कामाचं सोडलं तर आठवडाभर मी फक्त दुकानदाराशी बोलते, तेही "पिशवी नको" एवढंच.

नकाशा पक्का करायला बाईंनी महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलंय. एका सकाळी तळ्यावर जा आणि दिसतील ते पक्षी मोजून मला लिही. बाबा गेल्यापासून तू मागचं दार उघडत नाहीस, हे वहिनीने सांगितलंय. तिच्यावर डाफरू नकोस. तुला बदक आणि बगळा यातला फरक कळत नाही, हेही ठाऊक आहे. काळं, पांढरं, लांब मानेचं, असं लिहिलंस तरी मी ओळखेन.

आणि एकही दिसला नाही, तर तसं लिही. 'काही नाही' हेसुद्धा मला नकाशावर मांडता येतं. तुझ्या गप्प बसण्याचं मात्र काय करायचं, ते मला कळत नाही.

तुझ्या अक्षराची वाट बघणारी,
धाकटी